कै. प्रा. रघुनाथराव कर्वे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर खेपेस एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. जिजामाता झाल्या, अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई फुले, रमाबाई रानडे झाल्या. महर्षी अण्णासाहेब कर्वे ह्यांचेही चरित्र मागे येऊन गेले. ह्या खेपेस मी अण्णासाहेबांच्या थोरल्या मुलाचे चरित्र लिहिते असे बैठकीत सांगितले, तेव्हा दोघीतिघींनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले आणि ज्यांनी ऐकले होते त्यांतल्या एकीने पदर तोंडाला लावला. त्यात नवल काही नाही. रघुनाथराव कर्व्यांचा विषयच तसा होता. ज्या गोष्टीबद्दल आपण बायका न्हाणीघरात आणि विहिरीवर कुजबुजत आलो, ती गोष्ट ह्या माणसाने सत्तावीस वर्षे छापून, टपालाने घरोघर पाठवली. संततिनियमन ही ती गोष्ट होय.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. कर्व्यांचे घराणे दापोलीजवळच्या मुरूड गावचे. वडील धोंडो केशव, म्हणजे आपले अण्णासाहेब, आणि आई राधाबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे अण्णासाहेबांचे लग्न चौदाव्या वर्षी झाले तेव्हा राधाबाई आठ वर्षांच्या होत्या. अण्णासाहेब शिकत राहिले, शिकवण्या करत राहिले, आणि राधाबाईंनी ओढगस्तीचा संसार केला. १८९१ साली बाळंतपणात राधाबाई वारल्या. वय सत्तावीस. रघुनाथ त्या वेळी नऊ वर्षांचा होता.

पुढे काय झाले ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. विधुराने कुमारिकेशी लग्न करावे हा रिवाज मोडून अण्णासाहेबांनी १८९३ मध्ये गोदूबाई ह्या विधवेशी पुनर्विवाह केला. गावाने वाळीत टाकले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो हिंगण्याला नेला, आणि १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले. त्यांना मिळालेला मान योग्यच आहे. पण वाचताना एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. राधाबाईंच्या मरणानंतर वडिलांनी विधवांचा प्रश्न हाती घेतला. बायको बाळंतपणात मरते ती का मरते, हा प्रश्न घरात तसाच राहिला होता. तो मुलाने हाती घेतला. रघुनाथरावांनी आईसाठी हे केले असे मी म्हणणार नाही, कोणाच्या मनातले कोण सांगू शकतो? पण नऊ वर्षांचे मूल आईला बाळंतिणीच्या खोलीत जाताना पाहते आणि परत येताना पाहत नाही, ते ही गोष्ट विसरते असे मला वाटत नाही.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकला बसला आणि पहिला आला. १९०४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाला. वडील गणिताचे प्राध्यापक, मुलगाही गणिताचाच प्राध्यापक झाला. १९११ साली त्यांचे लग्न माहेरच्या गोखले असलेल्या गंगूबाईंशी झाले, त्या सासरी मालतीबाई झाल्या. आपल्याला मूल होऊ द्यायचे नाही असे ह्या दांपत्याने सुरुवातीलाच ठरवले आणि ते अखेरपर्यंत पाळले. त्या काळात लग्नाला वर्ष झाले की शेजारणी पोटाकडे बघत. वांझ म्हणून ओटी भरायला बोलावत नसत. मालतीबाईंना हे किती वेळा सोसावे लागले असेल, ते चरित्रकारांनी लिहिलेले नाही. रघुनाथरावांच्या नावाने जे जे झाले त्यात मालतीबाईंचा वाटा निम्मा आहे असे मी धरते.

पहिल्या महायुद्धानंतर रघुनाथराव गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी फ्रान्सला गेले. तिकडे स्त्रीपुरुषसंबंधांवर शास्त्रीय पुस्तके उघडपणे मिळत. ती त्यांनी भरपूर वाचली. परत येऊन मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते शिकवू लागले, आणि १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हिंदुस्थानातले हे पहिलेच. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स ह्या बाईंनी इंग्लंडातले पहिले केंद्र उघडले. अमेरिकेत मार्गारेट सँगरबाईंनी १९१६ मध्ये असे केंद्र उघडले होते, ते पोलिसांनी दहा दिवसांतच बंद पाडले होते. म्हणजे हा विषय आपल्याकडे उशिराने, साहेबाचे पाहून आला हे खरे नव्हे. लंडन आणि मुंबई ह्या बाबतीत एका वर्षाच्या आहेत.

आता मी जरा मूळ विषय सोडून माल्थस नावाच्या गृहस्थाकडे जाते, कारण त्याच्याशिवाय पुढचे समजणार नाही.

माल्थस हा इंग्लंडमधला पाद्री. १७९८ साली त्याने एक निबंध लिहिला. माणसे दुपटीने वाढतात, एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ. धान्य मात्र एक एक पायरीने वाढते, एक, दोन, तीन, चार. तेव्हा कधी ना कधी तोंडे जास्त आणि घास कमी असे होणारच, आणि मग दुष्काळ, रोगराई, लढाया येऊन माणसांची संख्या खाली आणतात. माझे गणित सातवीपर्यंतचेच, पण हा हिशेब मला लगेच समजला. ज्या घरात शिधा मोजून येतो आणि पाहुणे न मोजता येतात, तिथल्या कोणत्याही गृहिणीला तो समजेल. ह्या माल्थसचा आपल्याशी एक जवळचा संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे जे तरुण अधिकारी हिंदुस्थानात राज्य करायला येत, त्यांच्यासाठी इंग्लंडात हेलीबरी येथे कॉलेज होते, तिथे हा माल्थस १८०५ पासून अर्थशास्त्र शिकवत असे. दुष्काळ पडला की लोक फार झाले म्हणून मरतात, असे म्हणायची सोय राज्यकर्त्यांना त्यामुळे झाली. १८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ आपल्या खापरपणज्यांनी भोगला. त्या दिवसांतही हिंदुस्थानातून धान्याची गलबते विलायतेला जातच होती. ताटात घास नसण्याचे कारण नेहमी तोंडांची संख्याच असते असे नाही. कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, तेही पाहावे लागते.

आणि आणखी एक. माल्थसला लोकसंख्या आवरायची होती, पण संततिनियमनाची साधने त्याला पापच वाटत. लग्न उशिरा करावे आणि संयम पाळावा एवढाच त्याचा उपाय.

आता रघुनाथरावांच्या केंद्राकडे येऊ. मला स्वतःला जे सर्वांत महत्त्वाचे वाटले ते इथे आहे. १९२१ साली जनगणना झाली. १९११ मध्ये आजच्या भारताच्या हद्दीतली माणसे पंचवीस कोटी वीस लाख होती. १९२१ मध्ये ती पंचवीस कोटी दहा लाख भरली. म्हणजे दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी थोडी घटली. प्लेग होता, मलेरिया होता, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने तर घरेच्या घरे बसली. जनगणना सुरू झाल्यापासून देशाची संख्या कमी झाली असे ते एकच दशक. आणि नेमके त्याच वर्षी रघुनाथरावांनी आपले केंद्र उघडले. माणसे फार झाली, देशाला भार झाला, म्हणून ते उघडले असे कोणी म्हणेल तर ते आकड्यांशी जुळत नाही. देशाची माणसे घटत होती आणि तरीसुद्धा घराघरात बाईला दर दीड-दोन वर्षांनी पाळणा बांधावा लागत होता. अकरा जन्मत तेव्हा चार-पाच जगत. संख्या वाढत नव्हती, ती बाई मात्र झिजत होती.

माझ्या आजीला अकरा मुले झाली. पाच जगली. सहावे बाळंतपण झाल्यावर तिचे दात पडू लागले, ते देवाचे देणे म्हणून तिने मानले. मूल नको असे म्हणण्याची काही तऱ्हा असू शकते, हेच तिच्या कानावर कधी पडले नव्हते. मुंबईत एक गणिताचा प्राध्यापक तीच तऱ्हा समजावून सांगायला बसला होता, आणि तिच्यासारख्या लाखो बायकांपर्यंत त्याचा आवाज पोचत नव्हता.

रघुनाथरावांना गरिबीचा आणि लोकसंख्येचा विचार नव्हता असे नाही. मिळकत तेवढीच आणि खाणारी तोंडे वाढती असली की कुटुंब बुडते, हे त्यांनी वारंवार लिहिले आहे. पण त्यांचे म्हणणे त्याहून पुढे जाई. मूल व्हावे की नाही, केव्हा व्हावे, किती व्हावीत, हे ज्या देहात ते वाढते त्या देहाच्या मालकिणीने ठरवावे. आणि नवराबायकोच्या सुखावर दोघांचा सारखा हक्क आहे, बाई म्हणजे केवळ मुले होण्याचे यंत्र नव्हे. हे दुसरे म्हणणे तर लोकांना मुळीच सहन झाले नाही. पहिले एखाद्या वेळेस त्यांनी ऐकून घेतले असते.

संततिनियमनावर पुस्तक आले, गुप्तरोगांवर आले, भाषणे होऊ लागली. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचे. तिथल्या चालकांना हे रुचले नाही. विषय सोडा किंवा नोकरी सोडा असा पेच पडला, तेव्हा १९२५ मध्ये रघुनाथरावांनी नोकरी सोडली. भगिनींनो, ही गोष्ट एका वाक्यात लिहून मोकळे होता येते, पण घर चालवणाऱ्या बाईने ती नीट वाचावी. प्राध्यापकाचा ठरावीक पगार दर महिन्याला घरात येत होता, तो बंद झाला. त्यानंतरची त्यांची सगळी वर्षे तंगीत गेली. मालतीबाई ह्या तंगीत त्यांच्याबरोबर राहिल्या.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. लेख लिहिणे, मुद्रिते तपासणे, वर्गणीदारांचा हिशेब, बरेचसे सगळे स्वतःच. मासिकाच्या मुखपृष्ठावर ते विवस्त्र स्त्रीचे चित्र छापत. देहाची लाज वाटण्याचे कारण नाही असे त्यांचे मत होते. मला हे मुखपृष्ठ आवडत नाही, हे मी स्पष्ट लिहिते. ज्या बायकांसाठी मासिक होते त्यांनी ते घरात ठेवायचे कोठे? गादीखालीच ना? अर्थात पुष्कळ पुरुष ते गादीखाली ठेवून वाचत असत आणि चारचौघांत त्याला नावे ठेवत असत, हेही खरे. पण आतला मजकूर पाहिला तर तो शुद्ध शास्त्राचा. शरीराची माहिती, रोगांची माहिती, साधने कोणती आणि ती कशी वापरावी. मासिकात ‘शारदेची पत्रे’ नावाचे सदर येई, त्यात एक बाई ताज्या घडामोडींवर खुसखुशीत टीका करी. ही शारदा म्हणजे रघुनाथरावच. पुरुषाने बाईचे सोंग घेऊन नाटकात काम केल्याचे आपण पाहिले आहे, पण बाईच्या जागी उभे राहून तिच्या बाजूने वर्षानुवर्षे लिहिणारा पुरुष विरळाच.

आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे. जी शंका वैद्याला विचारायची लाज, आईला विचारायची भीती, ती लोक टपालाने कर्व्यांना विचारत. ते कोणाला हसत नसत, नीट उत्तर देत.

ह्यातूनच खटले उभे राहिले. १९३१ साली अश्लील लेख लिहिल्याबद्दल पहिला. शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा, तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून. ह्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाबासाहेब त्या वेळी किती कामात होते! गोलमेज परिषद होऊन गेली होती, पुणे करार झाला होता, आणि तरी एका मासिकाच्या संपादकासाठी ते कोर्टात आले. लैंगिक विषयावर शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे आणि लोकांना शंका आहेत तर त्यांचे समाधान ज्ञानानेच व्हायला हवे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. खटला हरले. ह्या वेळी दंड दोनशे रुपये. महिन्याची मिळकत नसलेल्या घराला दोनशे रुपये! रघुनाथरावांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला.

बाबासाहेबांनी हा विषय तेवढ्यावर सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम ह्यांनी मांडले. ठराव मोठ्या मतांनी पडला. 

ह्या वादात दुसऱ्या बाजूला महात्माजी होते. आपल्यापैकी पुष्कळ जणींना हे वाचून वाईट वाटेल, मलाही वाटले. मुले कमी असावीत हे गांधीजींनाही मान्य होते. पण उपाय एकच, ब्रह्मचर्य. साधने वापरली की संयम सुटेल आणि पुरुष बेफाम होतील असे त्यांना वाटे. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगरबाई वर्ध्याला त्यांना भेटायला गेल्या. बायकांनी नवऱ्याला नाही म्हणायला शिकावे, असे गांधीजींचे त्यांना सांगणे होते. आता ह्यावर मी काय लिहू? गांधीजींबद्दल माझ्या मनात आदर आहे. परंतु दारू पिऊन रात्री घरी आलेल्या नवऱ्याला नाही म्हणून पाहिलेल्या बाया ह्या वस्तीत आहेत, त्यांनी उत्तर द्यावे. रघुनाथरावांनी तर ह्या बाबतीत गांधीजींवर फार कडक भाषेत लिहिले. भीड त्यांना कोणाचीच नव्हती. देवधर्म मानत नव्हते, पुढाऱ्यांना मानत नव्हते, आणि बोलणे तिखट. थोडे गोड बोलले असते तर चार माणसे जास्त जोडली गेली असती असे मला वाटते.

सँगरबाई त्याच महिन्यात त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनात गेल्या. तिथे जमलेल्या बायकांनी संततिनियमनाच्या बाजूने ठराव केला. ज्यांना बाळंतवेणा ठाऊक होत्या त्यांनी तो केला. त्याआधी १९३० साली म्हैसूर संस्थानाने सरकारी दवाखान्यांत ही सोय केली होती, सरकारने असे करण्याची जगातली ती पहिलीच वेळ. आणि पुण्यात रघुनाथरावांना एक खंदी सहकारी मिळाली. रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे. त्यांनी पुण्यात स्वतः संततिनियमनाचा सल्ला देण्याचे काम सुरू केले, ‘समाजस्वास्थ्य’मध्ये लिहिले. बाईला बाईशी बोलणे सोपे जाते, म्हणून शकुंतलाबाईंचे काम फार मोलाचे. पुढे त्या राज्यसभेतही गेल्या.

स्वातंत्र्य मिळाले आणि वारे फिरले. १९५१ च्या जनगणनेत छत्तीस कोटी माणसे भरली. साथी आटोक्यात आल्या होत्या, मुले जगू लागली होती, हा आनंदाचाच भाग, पण संख्या झपाट्याने वाढू लागली. धान्य बाहेरून आणावे लागत होते, रेशनच्या रांगा होत्या. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेतला. असे करणारा भारत हा जगातला पहिला देश. ज्या गोष्टीसाठी रघुनाथरावांची नोकरी गेली, दंड झाले, तीच सरकारच्या योजनेत आली. पण तिथे येताना तिचे तोंड बदलले. रघुनाथराव बाईपासून सुरुवात करत. सरकारने आकड्यापासून सुरुवात केली.

ह्याचे फळ काय झाले, ते आपल्या सासवांनी पाहिले आहे. आणीबाणीत १९७६-७७ ह्या एका वर्षात ऐंशी लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. शिक्षकांना, तलाठ्यांना माणसे आणून देण्याचे आकडे ठरवून दिले होते. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीने शस्त्रक्रिया करण्याचे विधेयकच १९७६ मध्ये मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. १९७७ च्या निवडणुकीत सरकार पडले. तेव्हापासून पुरुषांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही आणि सगळा भार बायकांवर आला. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या शंभर विवाहित बायकांपैकी अडतीस जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांचा आकडा शंभरात एकसुद्धा नाही, हजारात तीन. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाका घालावा लागत नाही, दोन दिवसांत माणूस कामाला लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच दिवशी त्र्याऐंशी बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या, त्यांतल्या दहाहून अधिक दगावल्या. त्या बायका मूल नको म्हणून गेल्या होत्या. त्यांना मरण हवे नव्हते. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे बंद करायला सांगितले.

आपल्याकडे २००१ पासून दोनहून अधिक मुले असलेल्यांना पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही असा नियम आला. हेतू चांगलाच होता. पण तिसऱ्या मुलाचा हट्ट घरात कोण धरते? मुलगा हवा म्हणून सासरची मंडळी धरतात, आणि सरपंचपद जाते ते सुनेचे. आता वारे पुन्हा फिरले आहे. आंध्र प्रदेशाने असा नियम २०२४ मध्ये काढून टाकला, आणि तिथले मुख्यमंत्री आता मुले जास्त होऊ द्या म्हणत आहेत, कारण म्हातारी माणसे फार आणि तरुण कमी होतील अशी भीती वाटू लागली. चीनने एकच मूल अशी सक्ती पस्तीस वर्षे चालवली, आणि २०२१ मध्ये तीन मुलांपर्यंत परवानगी दिली. कमी करा म्हणणारे आणि जास्त करा म्हणणारे, दोघेही मोजदाद करतात ती आपल्या पोटांची.

संख्येची काळजी करू नये असे माझे म्हणणे नाही. २०११ च्या जनगणनेत आपण एकशे एकवीस कोटी होतो, आणि २०२३ मध्ये चीनलाही मागे टाकले. टँकरपुढे हंड्यांची रांग लावणाऱ्या बाईला, पाणी पुष्कळ आहे, फक्त वाटणी चुकली, असे सांगून चालत नाही, तिचा हंडा त्याने भरत नाही. पण माल्थसचा हिशेबही पुरता खरा ठरला नाही. १९५१ पासून माणसे साधारण चौपट झाली, धान्य सहापट पिकू लागले. आणि मुलांचे प्रमाण कोठे आधी उतरले ते पाहा. मुली जिथे शाळेत टिकल्या, बाळंतपणात बाया मरेनाशा झाल्या आणि जन्मलेले मूल जगेल असा भरवसा आला, त्या केरळात कोणाच्या सक्तीवाचून ते उतरले. आज सबंध देशात एका बाईला सरासरी दोनच मुले होतात. माझ्या आजीच्या काळी सहा होत.

बाळंतपणातल्या मृत्यूंचेही तसेच. २०१८ ते २०२० ह्या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे सत्त्याण्णव माता दगावल्या, महाराष्ट्रात तेहतीस. राधाबाई कर्व्यांच्या काळी असा आकडा कोणी मांडतसुद्धा नव्हते.

रघुनाथरावांना ह्यातले फारच थोडे पाहायला मिळाले. १९४४ मध्ये मालतीबाई वारल्या. मूलबाळ नाही, पैसा नाही, तब्येत खालावलेली. तरी मासिक चालूच राहिले. वडील अण्णासाहेब मुलाच्या कामाविषयी जाहीरपणे फारसे बोलले नाहीत. ज्या आश्रमाला आणि विद्यापीठाला गावोगाव हिंडून पै पै जमवायची होती, त्यांच्या चालकाला असल्या विषयाशी नाव जोडले जाणे परवडणारे नसावे, असा माझा तर्क. मुलानेही वडिलांच्या नावावर काही मागितले नाही.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले. वय एकाहत्तर. तोपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते, त्यांच्यामागे ते बंद पडले. अण्णासाहेब त्या वेळी पंचाण्णव वर्षांचे होते. १९५८ मध्ये त्यांची शंभरी साजरी झाली, भारतरत्न मिळाले, आणि १९६२ मध्ये ते वारले. रघुनाथरावांवर २००१ साली अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ नावाचा चित्रपट काढला. तो मंडळाच्या हॉलमध्ये दाखवता येईल का, हे मी चिटणीसबाईंना विचारले आहे. दुपारी, पुरुषमंडळी कामावर गेल्यावर ठेवावा असे त्यांचे मत पडले. मी म्हटले, रविवारी ठेवा आणि सगळ्यांना बोलवा. अजून ठरलेले नाही.